मुंबई बघायला येताय? गाडीचं पॅकेज नको, एका दिवसाला एक स्टेशन घ्या

जानेवारीत सासूबाईंची धाकटी बहीण उदगीरहून आमच्याकडे आली, सोबत मुलगा, सून आणि सहावीतला नातू. चार दिवस मुक्काम दादरला आमच्या घरी. पहिल्या दिवशी मला ऑफिसात रजा मिळत नव्हती म्हणून भाऊजींनी तिकडूनच मोबाइलवर एक मुंबई दर्शनचं पॅकेज बुक करून ठेवलेलं, एसी बस, सोबत गाइड, "एका दिवसात संपूर्ण मुंबई", माणशी आठशे रुपये आणि जेवण ज्याचं त्याने. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये, पण पैसे जाण्याआधी लोकांना कळावं म्हणून लिहितेय.

सकाळी आठला घेणार म्हणाले, बस आली पावणेदहाला. गेटवेला वीस मिनिटं. म्युझियम बाहेरून, बसच्या काचेतून. मग एका एम्पोरियमसारख्या दुकानात तब्बल पाऊण तास, जिथे चंदनाच्या मूर्ती आणि शाली दाखवल्या आणि घेतलं नाही म्हणून दुकानदाराचं तोंड वाकडं. नंतर वांद्र्याला सिनेमावाल्यांच्या बंगल्यांची गेटं. बंगला नाही हं, गेट. मग जुहू, तिथे पोचेपर्यंत अंधार. परतीच्या रस्त्यात बसल्या जागी दोन तास. रात्री साडेनऊला चौघं घरी आली तेव्हा मावशींचे पाय सुजलेले आणि त्या सोफ्यावर बसत मला म्हणाल्या, "अगं दिसभर गाडीतच तर बसून होते मी, मुंबई कुठं बघितली?"

मला इतकं वाईट वाटलं. माझं माहेर गिरगाव, सासर दादर, नोकरी फोर्टात, म्हणजे जन्मापासून याच शहरात चालतेय मी, आणि माझ्या घरी आलेल्या पाहुण्यांना मुंबई म्हणजे ट्रॅफिक आणि बंगल्याची गेटं एवढीच दिसावी? त्याच रात्री शुक्रवार-शनिवारची रजा टाकली. पुढचे तीन दिवस आम्ही काय केलं, काय खाल्लं, कुठे चुकलं ते सगळं लिहिते, म्हणजे गावाकडून कुणी येणार असेल किंवा तुम्हीच पहिल्यांदा येत असाल तर कामाला येईल.

माझं म्हणणं एवढंच की मुंबई ही आडवी पसरलेली नाही, उभी आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे एक लांब पट्टी. त्यामुळे एका दिवसात वर-खाली करायला गेलं की सगळा दिवस रस्ता खातो. एका दिवसाला एक स्टेशन धरा. त्या स्टेशनला लोकलने उतरायचं आणि मग पायी. जे दिसेल ते नीट बघायचं, राहिलं ते पुढच्या खेपेला.

आता आधी लोकल, कारण पाहुण्यांना सगळ्यात जास्त भीती तिचीच असते आणि माझ्या मते या शहरातली सगळ्यात चांगली सर्व्हिस तीच आहे. दादर ते सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी, सेकंड क्लासचं तिकीट अजून ५ रुपये. पाच! चौघांचे वीस रुपये आणि साधारण वीस मिनिटांत तुम्ही मुंबईच्या टोकाला. फक्त वेळ सांभाळायची. सकाळी आठ ते साडेदहा-अकरा सगळी मुंबई खाली दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी साडेपाचपासून साडेआठपर्यंत परत वर येते, या दोन्ही वेळा पाहुण्यांनी लोकलच्या वाट्याला जायचंच नाही. आम्ही अकरानंतर निघालो, लेडीज डब्यात मावशी खिडकीत बसून गेल्या, जाऊबाईंनी तर कानातले विकणारीकडून दोन जोड घेतले आणि परळ येईपर्यंत घालूनही झाले.

इंडिकेटर वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी कुठे जाणार, ती स्लो आहे का फास्ट म्हणजे एस का एफ, किती मिनिटांत येणार आणि डबे बारा का पंधरा, सगळं लिहिलेलं असतं. स्लो सगळीकडे थांबते, फास्ट मधली स्टेशनं सोडते, आणि नवीन माणूस नेमका इथेच फसतो, भायखळ्याच्या आधीचं कुठलं तरी स्टेशन हवं असतं आणि गाडी धाडधाड पुढे निघून जाते. पहिल्या वेळी स्लोच घ्या. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, दरवाज्याच्या मधोमध उभं राहू नका, बॅग पाठीवर नको पोटावर घ्या, आणि आपलं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधी उठून पुढच्या बाईला विचारा, "पुढचं उतरणार का?" ती उतरणार नसेल तर स्वतःच बाजूला सरकून जागा देईल. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही विचारा, डब्यातली कुणीही सांगेल, मुंबईच्या बायका यात फार मदत करतात, मी पस्तीस वर्षं बघतेय. आणि एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं, साध्या तिकिटावर चुकून चढलात तर दंड.

दादरचा एक घोळ होता तो आता मिटलाय. आधी वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्हीकडे एक नंबर प्लॅटफॉर्म असायचा आणि कुणाला भेटायला बोलावलं की माणूस एकीकडे आणि आपण दुसरीकडे. डिसेंबर २०२३ पासून १ ते ७ वेस्टर्न आणि ८ ते १४ सेंट्रल असे सलग नंबर केलेत. जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात, तेवढं लक्षात ठेवा.

तर शुक्रवार, स्टेशन सीएसएमटी.

बहुतेक लोक गाडीतून उतरतात आणि मान खाली घालून सरळ सबवेत शिरतात. असं करू नका. समोर महापालिकेच्या बाजूला या, तिथे एक बघायची जागा केलेली आहे, उभं राहा आणि वर बघा. १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टने काढलं, समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. २००४ पासून हे स्टेशन जागतिक वारसा यादीत आहे, म्हणजे अजिंठा-वेरूळच्या पंगतीत, आणि तिथून रोज लाखो लोक डबे घेऊन कामाला जातात. देशातली पहिली प्रवासी गाडीही इथल्याच बोरीबंदरवरून ठाण्याला गेली, १६ एप्रिल १८५३. मी पोराला एक काम दिलं, भिंतीवरचे प्राणी मोज. गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे हे तर दिसतंच पण वर नीट बघितलं तर मोर, माकडं, घुबडं, सरडे, काय काय कोरलंय, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम आहे ते. पोरगं अर्धा तास मान वर करून उभं. आदल्या दिवशी त्या बसमध्ये हेच पोरगं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेलं होतं असं जाऊबाई म्हणाल्या.

तिथेच समोर आराम नावाचं हॉटेल आहे. वडापाव खा, पियूष प्या. वडा गरम, लसणाची चटणी झणझणीत पण पोटात जाळ होत नाही, आणि पियूष घट्ट, जायफळाचा वास येणारं. मावशींनी उदगीरला पियूष कधी प्यायलं नव्हतं, म्हणाल्या श्रीखंड पातळ केलंय का, म्हटलं हो जवळपास तेच. दुपारी जेवायला आम्ही जवळच पंचम पुरीवाल्याकडे गेलो, पेरिन नरिमन स्ट्रीटवर. साधी जागा, बाकडी, पुरी भाजी, भोपळ्याची भाजी, कढी. पुऱ्या डोळ्यासमोर तळून येतात. मावशी शाकाहारी आणि बाहेरचं खायला घाबरणाऱ्या, त्यांनी दोनदा पुऱ्या मागवल्या यातच सगळं आलं. दुपारी एक ते दोन ऑफिसची गर्दी असते, अडीचला जा.

तिथून डी. एन. रोडने कमानींखालून सावलीत चालत हुतात्मा चौक. इथे मात्र मी थांबले आणि पोराला नीट सांगितलं. फ्लोरा फाउंटन १८६४ चं आणि शेजारी मशाल घेतलेले कामगार-शेतकरी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १०६ माणसं गेली तेव्हा १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. उदगीर आधी निजामाकडे होतं, मग हैदराबाद राज्यात, आणि हा चौक नसता तर उदगीर आणि मुंबई एका राज्यात असतीच असं नाही. मावशींनी चप्पल काढून हात जोडले. मुंबई दर्शनच्या बसने हा चौक चाळीस सेकंदात पार केला होता आणि गाइडने तिथे कुठला बँकेचा सीन शूट झाला ते सांगितलं म्हणे.

पुढे ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध असलेल्या पायवाटेवर उभं राहायचं, एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दगडी, टोकदार, एकोणिसाव्या शतकातलं, आणि दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती, १९३०-४० च्या सुमाराच्या. २०१८ ला या दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत आल्या. राजाबाई टॉवर १८७८ चा, प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव ठेवलं. सांगतात की आईंना दिसत नव्हतं आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, तर टॉवरच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळायची. ही गोष्ट मावशींना एवढी आवडली की रात्री त्यांनी ती सासूबाईंना परत सांगितली, स्वतः बघितल्यासारखी.

म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, याला तीन तास द्या. खरंच द्या. १९२२ ला सुरू झालं, इमारत जॉर्ज विटेटची, ज्याने गेटवे बांधला तोच. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर आहे, भाऊजींनी गोलघुमट बघितलेला, त्यांनी लगेच ओळखलं आणि भलतेच खूश झाले. आत शिल्पं, लघुचित्रं, शस्त्रं, आणि खाली प्राण्यांचा विभाग जिथून पोरं हलत नाहीत. आम्हाला दोनच तास मिळाले, हे माझं चुकलं, हुतात्मा चौकात आणि ओव्हलवर जास्त वेळ गेला. लहान मुलं असतील तर म्युझियम सकाळी करा आणि बाकीचं नंतर. जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, फुकट आहे, पाय दुखत असतील तरी दहा मिनिटं आत जाऊन या.

गेटवेला उन्हं उतरताना पोचलो. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधायला घेतला, पुरा झाला १९२४ ला, आणि चोवीस वर्षांत, २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रज सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. मला ही गोष्ट दर वेळी सांगावीशी वाटते. समोर घोड्यावरचे महाराज. आदल्या दिवशी वीस मिनिटांत फोटो काढून पळवलेले पाहुणे आज दीड तास कट्ट्यावर बसून होते, काही न करता, बोटी बघत. फोटोवाले मागे लागतात, नको म्हणायचं आणि पुढे चालायचं, आणि काढायचाच असेल तर किती फोटोंचे किती पैसे ते आधी ठरवून घ्यायचं.

घारापुरीचं सगळे विचारतात. जायलाच हवं, पण त्याला अख्खा दिवस ठेवा, बोटीने तासभर जायला तासभर यायला, वर लेण्यांपर्यंत शंभर-सव्वाशे पायऱ्या, आणि ती त्रिमूर्ती, जवळपास वीस फुटी, तिच्यासमोर शांत बसायला हवं, घड्याळ बघत नाही. सोमवारी बंद असतं. दर आठवड्याला लोक सोमवारी येऊन परत जातात. मावशींचे गुडघे बघता आम्ही या खेपेला सोडलं.

शनिवार, स्टेशन चर्नी रोड, म्हणजे माझं माहेर, इथे मी थोडी वाहवत जाईन.

गिरगाव कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं. पण मराठी माणसाची मुंबई बघायची तर ती इथे आहे, आणि लवकर बघा कारण चाळी एकेक करून पडतायत, माझ्या बालपणीच्या चार चाळींच्या जागी आता टॉवरचे पत्रे लागलेत. सकाळी आधी विनय हेल्थ होममध्ये मिसळ. मिसळीच्या बाबतीत कोल्हापूर-नाशिकवाले वाद घालतील, घालू देत, ही मिसळ वेगळी आहे, तर्रीचा भडका नाही, थोडी गोडसर, वर शेव-चिवडा, आणि पाव मऊ. मावशींना लातूरकडच्या तिखटाची सवय, त्यांनी पहिल्या घासाला "तिखटच न्हाई की" म्हटलं आणि वाटी मात्र पुसून खाल्ली. तिखट हवं असेल तर तर्री वेगळी मागून घ्या.

मग खोताची वाडी. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं जेमतेम जातील, आणि आत लाकडी कठड्यांची, बाहेरून जिना असलेली, कौलारू, रंगीत जुनी घरं. खूप थोडी उरलीत. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचेच मूळचे ख्रिश्चन आणि पाठारे प्रभू, सगळे शेजारी शेजारी राहिले इथे. ही वस्ती आहे, आत माणसं राहतात, त्यांची जेवणं चालू असतात, तेव्हा आरडाओरडा नको आणि कुणाच्या ओट्यावर बसून फोटो नको, विचारलं तर लोक प्रेमाने बोलतात. एक आजी ओट्यावर बसल्या होत्या, मावशींना विचारलं कुठल्या, उदगीर म्हटल्यावर त्यांना ते कुठे आहे तेच माहीत नव्हतं, मग मावशींनी किल्ला, १७६० ची लढाई, निजामाला कसं हरवलं ते सगळं सांगितलं आणि वीस मिनिटं दोघी गप्पा मारत बसल्या. मी मुद्दाम घाई केली नाही. वाडीत वेफर्सचं दुकान आहे, ताजे तळलेले केळ्याचे आणि बटाट्याचे वेफर्स घेतले, उदगीरला पोचेपर्यंत उरले नाहीत असं जाऊबाईंनी फोनवर सांगितलं.

तिथून चालत केशवजी नाईक चाळ. १८९३ ला टिळकांनी सार्वजनिक गणपती सुरू केला तेव्हाचा हा मुंबईतला पहिला, आणि अजून तसाच बसतो, छोटी मूर्ती, पालखीतून विसर्जन. गणपतीच्या दिवसांत येणार असाल तर लालबागला आठ-दहा तास रांगेत उभं राहायच्या आधी इथे या. लालबागच्या राजाबद्दल माझ्या मनात श्रद्धा आहेच पण म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना त्या रांगेत नेऊ नका, मुखदर्शनाची रांग वेगळी असते ती घ्या, किंवा शेजारी गणेशगल्ली आणि चिंचपोकळीचा चिंतामणी करा.

पणशीकरांच्या दुकानात थांबलो. परत पियूष, हो, कारण भाऊजींना आराम आणि पणशीकर यांची तुलना करायची होती, त्यांचं मत पणशीकर, माझंही लहानपणापासून तेच. मग गिरगाव चौपाटी. इथे टिळकांचा पुतळा आहे, १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते गेले आणि अंत्यसंस्कार इथेच चौपाटीवर झाले. भेळ खा, कुल्फी खा, पण पाण्यात उतरू नका, पाणी स्वच्छ नाही. पोराचा हट्ट होता, चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून चालू दिलं तेवढंच.

चौपाटीवरून टॅक्सी करून वाळकेश्वरला बाणगंगा. दक्षिण मुंबईत रिक्षा नसते हे पाहुण्यांना माहीत नसतं, ते हात दाखवत उभे राहतात. रिक्षा पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे सायनपर्यंतच, खाली फक्त काळी-पिवळी, मीटर टाकायला सांगा, पहिलं भाडं ३१ रुपये. बाणगंगेत मावशी सगळ्यात जास्त रमल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तलावाचं पाणी गोडं. रामाने बाण मारला आणि गंगा वर आली अशी कथा, तलाव शिलाहारांच्या काळापासूनचा सांगतात, आताचं बांधकाम १७१५ च्या सुमाराचं. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, दीपमाळा, बदकं, आणि मागे डोकं वर काढून बघणारे टॉवर. मावशींनी पाण्यात बोट बुडवून चाखायला घेतलं तेव्हा मी हात धरला, गोडं असलं तरी पिण्याचं नाही. त्यांना वाटलं गावच्या बारवेवर आलोय. मुंबई दर्शनवाले इथे का आणत नाहीत मला कळत नाही, बस जात नाही एवढंच कारण असेल.

कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर, बघितलं, पोराला बूट लहान वाटला, पण वरून चौपाटीचा पूर्ण बाक दिसतो तो बघायला तरी जा. अंधार पडताना मरीन ड्राइव्ह. दिवे एकेक करून लागायला लागले आणि जाऊबाई, ज्या तीन दिवसांत दहा वाक्यं बोलल्या नसतील, त्या म्हणाल्या, ताई आपण इथेच बसू थोडा वेळ, कुठं जायला नको. बसलो. सव्वानऊपर्यंत. चहावाला येतो, सायकलवर. कठड्यापलीकडच्या त्या सिमेंटच्या तिकाट्यांवर उतरू नका, शेवाळ असतं, आणि पावसाळ्यात भरतीच्या वेळी तर कठड्यापासूनही लांब राहा, दर वर्षी माणसं ओढली जातात. चालायला नको असेल तर १२३ नंबरची बस मरीन ड्राइव्हवरून जाते, खिडकी मिळाली तर तीच सगळ्यात स्वस्त समुद्रदर्शनाची गाडी. बेस्टचं भाडं मे २०२५ पासून वाढलं, साधी १० आणि एसी १२ पासून सुरू, तरी परवडतं.

रविवारी कुठे लांब गेलोच नाही कारण मेगाब्लॉक. ही गोष्ट लिहून ठेवा, रविवारी सकाळी-दुपारी रेल्वे रुळांची कामं काढते, कुठल्या ना कुठल्या लाइनवर गाड्या कमी किंवा बंद, शनिवारच्या पेपरात येतं, मराठी बातम्यांत सांगतात. बघितल्याशिवाय निघू नका. म्हणून स्टेशन दादर, पायी.

पहाटे पाचला मावशींना घेऊन फूल मार्केटला गेले, बाकी कुणी उठलं नाही. तुळशी पाइप रोडला लागून, टोपलीवर टोपली झेंडू, शेवंती, अष्टर, लिली, पाय ठेवायला जागा नाही, "बाजू बाजू" ओरडत डोक्यावरचे हारे घेऊन माणसं पळतात. उजाडायच्या आत जा, नंतर मजा नाही. मावशींनी पावशेर मोगरा घेतला आणि घरभर वास.

मग शिवाजी पार्क. रविवारी सकाळी एकाच मैदानात वीस मॅच चालू असतात, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर. सचिन इथेच आचरेकर सरांकडे शिकला हे पोराला माहीत होतं, ते पळतच सुटलं आणि कुणीतरी त्याला दोन ओव्हर बॉलिंग दिली. मागे समुद्राकाठी चैत्यभूमी, तिथे सगळ्यांनी शांतपणे दर्शन घेतलं. डिसेंबरच्या ६ तारखेला देशभरातून लाखो लोक इथे येतात, त्या दिवसांत दादरला फक्त फिरायला म्हणून येऊ नका, अभिवादनाला या. हिंदू कॉलनीत राजगृहही आहे, बाबासाहेबांचं घर, पुस्तकांसाठी बांधलेलं.

खाण्याचं दादरला काय सांगू, एक दिवस पुरत नाही. प्रकाशचा साबुदाणा वडा, बाहेरून कडक आतून मऊ, सोबत ती दाण्याची गोड चटणी. आस्वादची थालीपीठं. स्टेशनजवळ मामा काणे, १९१० पासूनचं, बटाटावडा खा तिथला. आणि वडापाव जन्मला तो इथेच, १९६६ ला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर असं सगळे सांगतात. आता कीर्ती कॉलेजजवळ चुरा घातलेला मिळतो त्याला रांग असते आणि छबिलदास गल्लीत श्रीकृष्णचा मोठा वडा, मला श्रीकृष्णचा जास्त आवडतो पण घरात यावर दोन तट आहेत. एक सांगते, दादरला रविवारी दुपारी जेवायला गेलात तर ताटकळावं लागतं, साडेअकरालाच जाऊन बसा. खरेदी रानडे रोड आणि हिंदमाता, जाऊबाईंनी हिंदमाताला दोन साड्या घेतल्या, भाव करावा लागतो, निम्म्यापासून सुरू करू नका, तेवढं उतरत नाहीत.

मेट्रोचं राहिलं. भुयारी तीन नंबर लाइन ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, सिद्धिविनायक सगळी तिच्यावर आहेत. गार, स्वच्छ, म्हाताऱ्यांना सरकते जिने आणि लिफ्ट. एअरपोर्टवरून येणाऱ्यांना तर फारच सोय. पण खिडकीतून काही दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यात आणि सिद्धिविनायकाला जायला घ्या, एरवी लोकलच.

जून ते सप्टेंबर पाहुण्यांना बोलावू नका असं मी म्हणणार नाही, पावसातली मुंबई मला फार आवडते, पण दोन दिवस हातचे ठेवून या आणि भरतीच्या वेळा बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं.

लातूर एक्स्प्रेस दादरलाही थांबते, घरापासून दहा मिनिटं. तरी मावशी म्हणाल्या मला सीएसएमटीवरूनच चढायचंय, रात्री ती इमारत कशी दिसते ते बघायचंय. म्हणून सामान घेऊन तासभर आधी गेलो. सगळी दिव्यांनी उजळलेली. पोराने परत प्राणी मोजायला सुरुवात केली, रात्री सावल्यांमुळे दोन नवीन सापडले म्हणे. मावशी खिडकीत बसल्या, मोगऱ्याची पुडी मांडीवर, आणि गाडी हलताना म्हणाल्या, "ते लेण्याचं ऱ्हायलं बघ. पायऱ्या चढते मी हळूहळू."

मी खिडकीसोबत चालत सांगितलं, मावशी, या, फक्त सोमवार सोडून या.